सहाव्या बोटाची तक्रार

मी बत्तीस वर्षं सुरतेत दुसऱ्यांच्या चित्रांची नक्कल करण्याचं काम केलं आणि ते फार प्रामाणिकपणे केलं. कधी काम अर्धवट सोडलं नाही आणि ज्याची नक्कल केली त्याच्यापेक्षा रेघ वाईट काढली असंही कधी झालं नाही. या अंकाच्या संपादकबाईंनी मला ‘एका कलावंताचा प्रवास’ लिहून मागितला होता. माझा प्रवास अमळनेरहून सुरतेपर्यंत पॅसेंजर गाडीनं झाला, एकदाच, आणि त्यात लिहिण्यासारखं फारसं घडलं नाही. एका माणसाच्या पिशवीतली कोंबडी सुटली, तेवढंच. म्हणून प्रवास बाजूला ठेवतो आणि आमच्या घरातल्या एका बोटाबद्दल लिहितो. पण आधी धंदा सांगावा लागेल, नाहीतर बोटाचं महत्त्व कळायचं नाही.

साडी अंगावर येण्याआधी कागदावर असते. निदान आमच्या काळी असायची. रिंग रोडच्या मोठमोठ्या मार्केटांत पुढे गादीवर शेठ बसतो आणि मागे, जिथे उजेड कमी आणि पंखा मोडका, तिथे स्केच काढणारा बसतो. तो मी. पोस्टर कलर, बारीक कुंचले, चौकटीचा कागद. पदर, काठ आणि मधला बुट्टा कागदावर काढायचा आणि असा काढायचा की तोच तुकडा खाली-वर, डावी-उजवीकडे जोडत गेलं तरी सांधा दिसता कामा नये. वेलीचं टोक जिथे संपतं तिथेच पुढच्या वेलीचा देठ निघाला पाहिजे. हे जमायला मला तीन वर्षं लागली. बाकीचं सगळं एका आठवड्यात शिकलो, कारण बाकीचं म्हणजे नक्कल.

शेठ सकाळी यायचा तो खिशात दुसऱ्याच्या साडीचा कापलेला तुकडा घेऊन. तो माझ्या टेबलावर टाकायचा आणि म्हणायचा, “सेम टु सेम, पण थोडो फेरफार.” या ‘थोडो फेरफार’वर माझं घर चाललं. कोयरी उजवीकडे वळलेली असेल तर डावीकडे वळवायची. पाच पाकळ्यांचं फूल सहा पाकळ्यांचं करायचं. मोराचा पोपट करायचा. फारच घाई असेल तर नुसता रंग बदलायचा. मूळ मालकाला ओळखता येऊ नये इतका बदल आणि गिऱ्हाइकाला मात्र तीच साडी वाटावी इतकं साम्य, या दोहोंच्या मध्ये जी बारीक जागा आहे तिथे मी बत्तीस वर्षं मांडी घालून बसलो होतो.

एकदा एकाच मार्केटमधल्या समोरासमोरच्या दोन शेठांनी, एकमेकांना न कळू देता, मला एकमेकांच्या साड्यांचे तुकडे आणून दिले. दोन्ही तुकडे मी ओळखले. दोन्ही डिझाइनं माझ्याच हातची होती, अर्थात तीही कुठून तरी घेतलेली. मी दोघांचंही काम केलं. महिन्याभरानं याची साडी त्याच्या दुकानात आणि त्याची याच्या दुकानात लागली. मग दोघांनीही मला वेगवेगळं बोलावून, दार लावून, विश्वासात घेऊन विचारलं की आपलं डिझाइन फोडणारा हा चोर कोण असेल. मी दोघांनाही म्हणालो, शोधतो.

आणखी एका शेठला हत्तीचा बुट्टा हवा होता, पण सोंड खाली असलेली अशुभ असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं आणि सोंड वर केली की ती काठात घुसत होती. शेवटी तो म्हणाला, सोंडच नको. मी तसा हत्ती काढून दिला. ती साडी जालन्याकडे ‘उंदीरवाली’ म्हणून खूप खपली. शेठनं मला पेढे दिले आणि माझ्या उंदराचं कौतुक केलं.

पुढे कॉम्प्युटर आले. मोराचा पोपट करायला मला अर्धा दिवस लागायचा, तो एका बटणात होऊ लागला. शेठनं मला एक दिवस बोलावून नारळ आणि शाल दिली. मी भेस्तानला आमच्या घरी येऊन बसलो आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की समोर तुकडा नसेल तर काय काढायचं हे मला माहीत नाही.

इथे माझी बायको मथुरा येते. मथुरा धुळे जिल्ह्यातली. सुरतेत आल्यावर एका मारवाडी शेजारणीकडून मेंदी काढायला शिकली आणि आमच्या भागातल्या खानदेशी घरांत नवरी असली की मेंदीला मथुराच, असं ठरून गेलं होतं. ती उजव्या हातानं कोन धरते. डावा हात मात्र पदराखाली असतो, कारण त्या हाताला सहा बोटं आहेत. करंगळीला लागून आणखी एक लहानसं बोट, नखासकट, व्यवस्थित. तिला बघायला आम्ही गेलो तेव्हा तिनं पोह्यांच्या बशा एकाच हातानं, एकेक करून आणल्या होत्या. पाचव्या फेरीला पदर सरकला आणि मला दिसलं. बोटं मोजायची सवय धंद्यामुळे. मी कोणाला बोललो नाही. लग्नात कासारानं बांगड्या भरताना मात्र गाडी अडली. डाव्या हाताला बांगडी चढेना. माझ्या आईला तेव्हा कळलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मथुराकडे, आणि कासाराला सांगितलं, या हाताला दोन नंबर मोठी काढ. तेव्हापासून घरात दोन मापांच्या बांगड्या येतात आणि त्यावर कोणी काही बोलत नाही. मथुरा स्वतः तर कधीच नाही.

तर मी घरी रिकामा बसलेला. आमच्या महिला मंडळाच्या दिवाळी मेळ्यात मथुरानं मेंदीचा स्टॉल घ्यायचं ठरवलं. मंडळाच्या अध्यक्ष संगीताताई, मूळच्या परभणीच्या, म्हणाल्या की स्टॉलवर एक मोठं चित्र पायजे, लोकांनी लांबून बघितलं पायजे. ते चित्र काढायचं काम घरातल्याच माणसावर आलं. मी मथुराला म्हणालो, नमुना दे. ती म्हणाली, नमुना काय, माझा हात घ्या. उजव्या हातात पोळीचं पीठ होतं, म्हणून तिनं डावा ठेवला कागदावर.

मी शाळेतल्या पोरासारखी त्या हाताभोवती पेन्सिल फिरवली. पेन्सिल अंगठ्यापासून निघाली ती करंगळीपाशी थांबायला हवी होती, पण ती सवयीनं पुढे गेली. मथुरा म्हणाली, ते पुसा. मी म्हणालो, वेल काढून झाकतो. आणि वेल काढता काढता मला जी रंगत आली ती त्या बत्तीस वर्षांत आली नव्हती. तळव्याच्या मध्यभागी मी आमची कानबाई काढली. श्रावणात खानदेशी घरांत नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून कानबाई मांडतात, तीच. नथ घातलेला नारळ, भोवती केळीचे खांब, बोटांवर तिच्या नैवेद्याच्या रोटांच्या रांगा, आणि सहाव्या बोटावर एक वेल चढत जाऊन टोकाला कळी. झाकायला काढलेली वेल अशी झाली की आधी तेच बोट दिसावं. मथुरानं चित्र बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, एवढ्या गर्दीत कोण बोटं मोजतंय.

कोणी मोजली नाहीत. संगीताताईंनी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो कुठे कुठे गेला आणि आम्ही विसरून गेलो.

वर्ष-दीड वर्षानं मी भेस्तानच्या चौकात भाजीला गिलकी घेऊन उभा होतो. समोरून एक रिक्षा गेली आणि तिच्या पाठीवर माझ्या बायकोचा हात होता. भर रस्त्यात बायकोचा हात परक्या रिक्षावर दिसणं हा कसा अनुभव असतो ते सांगता येत नाही. मी पिशवीसकट धावलो. सिग्नलला रिक्षा गाठली. एका मेंदीच्या कोनाची जाहिरात होती. तोच नारळ, तीच नथ, तेच रोट आणि तेच सहावं बोट कळीसकट. खाली लिहिलं होतं, ‘मोरनी कलेक्शन’. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, “चाचा, बैठना है कि देखना है?” मी म्हणालो, देखना है. तो म्हणाला, तो फिर जल्दी देखो. सिग्नल सुटला. मग मी बसलो, कारण नाहीतर चित्र निघून गेलं असतं. आत बसल्यावर ते दिसत नाही हे पुढच्या चौकात लक्षात आलं.

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण आता आमचे संबंध बरे आहेत. ऑफिस कतारगामला, हिऱ्यांच्या कारखान्यांच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर. जाहिरातीचं बघणारे चिरागभाई भेटले. तरणाबांड माणूस, फार नम्र. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, काका काका केलं. मी त्यांना सांगितलं की हे चित्र माझं आहे. आणि माझी योग्यता कळावी म्हणून मी त्यांना माझी सगळी कारकीर्द सांगितली. कोणतंही डिझाइन समोर ठेवा, हुबेहूब काढून देतो, भल्याभल्यांना फरक कळत नाही, अमुक शेठची साडी तमुक शेठला कशी दिली वगैरे. अर्धा तास सांगितलं. चिरागभाईंनी सगळं मन लावून ऐकलं.

मग म्हणाले, “काका, आ तो कॉम्प्युटरे बनाव्युं छे.”

आता कॉम्प्युटरला नुसतं सांगायचं असतं की मेंदीचा हात काढ, की तो काढतो, असं त्यांनी मला समजावलं. तुमच्या चित्रासारखं वाटतंय तो योगायोग. मी म्हणालो, तळव्यावर नारळ आहे, नथ घातलेला. असा योगायोग कसा होईल? ते म्हणाले, तो नारळ नाही, ती नवरी आहे, कॉम्प्युटरला जरा चेहरा गोल आला. आणि पुरावा हवा असेल तर, असं म्हणून त्यांनी पडद्यावर तो हात मोठा केला आणि पेनाच्या टोकानं बोटं मोजून दाखवली. सहा. म्हणाले, कॉम्प्युटर बाकी सगळं बरोबर काढतो, बोटांत चुकतो. सगळ्या जगाला माहीत आहे. माणूस अशी चूक करणार नाही.

मी म्हणालो, माणसानं चूक केलेलीच नाही. त्यांना वाटलं मला पटलं. त्यांनी मला दारापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी मेळ्यातलं मूळ चित्र गुंडाळी करून घेऊन गेलो. घरात ते कपाटामागे होतं, कोपरा उंदरानं खाल्लेला, पण बाकी शाबूत. चिरागभाईंनी ते पाहिलं, मनापासून वाखाणलं आणि म्हणाले, काका, काल तुम्हीच सांगितलंत की समोर ठेवलेलं काहीही तुम्ही हुबेहूब काढता. आमचं रिक्षावर पाहून रातोरात काढलं असेल. मी उंदरानं खाल्लेला कोपरा दाखवला. ते म्हणाले, उंदीर एका रात्रीतही खातो.

पुरावा म्हणून एकच गोष्ट दाखवता आली असती, ती घरी पदराखाली होती. तिचं नाव मी काढलं नाही. त्या ऑफिसात मी मथुराबद्दल एक शब्द बोललो नाही आणि घरीही तिला एवढंच सांगितलं की कंपनीवाले ऐकत नाहीत. ती म्हणाली, जाऊ द्या. चांगलं झालं, कोणाचा हात ते कोणाला कळलं नाही.

माझ्या तक्रारीचा एक परिणाम मात्र झाला, तो आम्हाला पंधरा दिवसांनी कळला. मथुराच्या मावसबहिणीच्या मुलीचा कडोदऱ्याला साखरपुडा होता. आम्ही बसनं निघालो. हायवेच्या वळणावर हे एवढं मोठं होर्डिंग लागलं. तोच हात, घराएवढा. मथुरा खिडकीशी होती. तिनं पाहिलं आणि एकदम उभी राहिली आणि कंडक्टरला गाडी थांबवायला लावली. साखरपुड्याचा मुहूर्त जवळ आला होता. मी काही बोलायच्या आत ती खाली उतरलेली होती.

आम्ही चालत मागे आलो. होर्डिंगखाली उभं राहून तिनं वर पाहिलं. हाताला पाच बोटं होती. सहावं पुसून टाकलेलं होतं, अगदी सफाईनं, पण घाईत त्या बोटाच्या टोकाची कळी तशीच राहून गेली होती. ती हाताच्या बाजूला हवेत एकटीच तरंगत होती, माशी बसल्यासारखी.

“मनं बोट कोठे गयं?” मथुरा अहिराणीत म्हणाली, म्हणजे माझं बोट कुठे गेलं.

मी म्हणालो, माझ्या तक्रारीनंतर पुसलेलं दिसतंय. ते बोट कॉम्प्युटरची चूक आहे असं ते म्हणत होते. ती माझ्याकडे वळली. तिला तोवर हे माहीतच नव्हतं. तिनं सगळं विचारून घेतलं, कोण म्हणालं, काय म्हणालं, चूक हा शब्द नक्की वापरला का. मी म्हणालो, वापरला.

“मी झाकेल व्हतं,” ती म्हणाली. “कापेल नव्हतं.”

साखरपुड्याला आम्ही पोचलो तेव्हा पंगत उठली होती. परतीच्या बसमध्ये मी मथुराला एक गोष्ट सांगितली, जी तोवर कोणालाच सांगितली नव्हती.

मी मार्केटमध्ये असताना एकदा भुजकडची एक बाई आली होती. हातानं भरतकाम करणारी. तिच्या भरलेल्या कापडाचा एक तुकडा शेठकडे कुठून तरी आला होता आणि त्यावरची उंटीण मी साडीवर उतरवली होती. बाईनं ती साडी बाजारात पाहिली आणि एवढ्या लांब सुरतेला आली. मी मागे टेबलाशी बसून सगळं ऐकत होतो. तिचं भांडण चोरीबद्दल फारसं नव्हतंच. तिच्या कापडावर उंटीण मान वळवून मागे बघत होती आणि कापडाच्या दुसऱ्या टोकाला तिचं पिल्लू होतं. पिल्लाला माझ्या चौकटीत जागा होत नव्हती, म्हणून मी ते काढून टाकलं होतं. ती बाई शेठला पुन्हा पुन्हा विचारत होती, मग आता ही मागे कोणाकडे बघते? शेठनं तिच्याकडे पुरावा मागितला. ती पुरावा काय देणार. मी उठून बाहेर आलो असतो तर मीच पुरावा होतो. मी कुंचला धूत बसलो.

मथुरानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, उद्या मला त्या ऑफिसात न्या.

दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतली साडी नेसली. डाव्या हातात दोन नंबर मोठ्या हिरव्या बांगड्या भरल्या. रिक्षात हात पदराखालीच होता. जिना चढतानाही. चिरागभाई आम्हाला बघून उठले, काकी आल्या म्हणून आणखी नम्र झाले, चहा सांगितला. मथुरा बसली नाही. टेबलावर काचेखाली त्या कोनाचं पाकीट ठेवलेलं होतं, पाच बोटांचं. तिनं पदर बाजूला केला आणि आपला डावा हात त्या पाकिटाशेजारी काचेवर पसरून ठेवला.

चिरागभाईंनी मोजली. ओठ हलताना मला दिसले. मग त्यांनी पुन्हा मोजली. मग, का कोण जाणे, त्यांनी स्वतःची मोजली. माझ्याकडे बघून हळूच विचारलं की काका, हे खरं आहे का. मी काही बोलण्याआधी मथुरानं त्यांच्यापुढे बोट केलं आणि हिंदीत म्हणाली, “खींचके देखो.”

ते ओढून बघायला धजेनात. ती हात मागे घेईना. बाकीच्या टेबलांवरची माणसं एकेक करून येऊन उभी राहिली. हिशेबाच्या टेबलावरच्या बाईनं नारळ ओळखला. ती म्हणाली, ही तर त्यांची देवी आहे, आमच्या गल्लीत मांडतात, मी रोट खाल्लेत. त्या हिशेबाच्या बाईला मी जन्मभर विसरणार नाही.

गडबड ऐकून आतून मालक आले. वल्लभकाका, सत्तरीचे, पांढरं धोतर. त्यांना सगळी हकीकत सांगायला चिरागभाईंनी सुरुवात केली, कॉम्प्युटर, योगायोग वगैरे. वल्लभकाकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मथुराच्या हाताकडे बघत होते. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले की आमच्या गावात सहा बोटांची सून घरात आली की लक्ष्मी आली म्हणतात. मग त्यांनी चिरागभाईंना विचारलं, हे बोट पाकिटावरून कधी काढलं? पंधरा दिवस झाले, असं उत्तर आलं. वल्लभकाका खाली बसले. पंधरा दिवसांपूर्वीच त्यांचं कोन भरायचं मशीन बंद पडलं होतं आणि कारागिराला कारण सापडत नव्हतं.

“तें लक्ष्मीनी आंगळी कापी?” ते चिरागभाईंना म्हणाले, म्हणजे लक्ष्मीचं बोट कापलंस तू.

चिरागभाई म्हणाले, काका, मशीनचा सेन्सर खराब झाला असणार. वल्लभकाका म्हणाले, का खराब झाला ते मला आता कळलं.

मी पिशवीत वकिलाकडून लिहून आणलेली नोटीस ठेवली होती. चित्राचा हक्क, कलावंताचा हक्क, सगळी कलमं घातलेली. ती बाहेर काढायची वेळच आली नाही. जे माझ्या कारकिर्दीनं, मूळ चित्रानं आणि उंदरानं झालं नाही ते एका बंद पडलेल्या मशीननं झालं. मला याचा आनंद झाला की वाईट वाटलं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वल्लभकाकांनी मथुराला विचारलं की काय हवं ते सांगा. ती म्हणाली, माझं बोट परत लावा. आणि खाली लिहा की हे माझ्या हाताचं आहे आणि चित्र यांनी काढलंय. चूक म्हणायचं नाही. एवढंच मागितलं. वल्लभकाकांना तिचा हात फोटोत हवा होता, मशीनवर ठेवून. तिनं सांगितलं, ते जमणार नाही. मग त्यांनी निदान मशीनला हात लावून जा म्हणून गळ घातली. ती खाली जाऊन लावून आली. दोन दिवसांनी मशीन सुरू झालं. मधल्या काळात चिरागभाईंनी नवा सेन्सर बसवला होता, हे त्यांनी मला वेगळं सांगितलं, वल्लभकाकांना सांगितलं नाही.

महिन्याभरात नवी पाकिटं आली. बोट जागेवर होतं, कळी बोटावर होती. ‘मोरनी’ जाऊन ‘कानबाई स्पेशल’ आलं. वर चिरागभाईंच्या डोक्यातून निघालेली योजना, ‘पाच कोनांवर सहावा फ्री’. आणि खाली बारीक अक्षरांत, ‘हात: मथुराबेन. चित्र: पटेलभाई’. मी पाटील, त्याचं पटेल झालं होतं. मी फोन केला. चिरागभाई म्हणाले, काका, छपाई होऊन गेली, आणि तसा थोडाच फरक आहे. आयुष्यभर मी ज्या वाक्यावर जेवलो ते मला ऐकवलं गेलं होतं. मी फोन ठेवला.

मथुरावर मात्र याचा जो परिणाम झाला तो मी अपेक्षिला नव्हता. यंदाच्या श्रावणात आमच्या भागातल्या पोरी मेंदीला आल्या आणि करंगळीशेजारी तळहाताच्या कडेला आणखी एक बोट काढून मागू लागल्या, पाकिटावर आहे तसं, कळीचं. पाच बोटांच्या पोरी. मथुरानं पहिल्या दोघींना हाकललं. तिसरीला काढून दिलं. आता ती डाव्या हातानं पोरींचा हात धरते आणि उजव्यानं बोट काढते आणि दोन्ही हात उघड्यावर असतात. भाजी घेताना, बसमध्ये, मंडळात, पदर खांद्यावर असतो तो खांद्यावरच राहतो. मी यावर काही बोललो नाही. माझ्या आईकडून मी तेवढं शिकलो आहे.

मागच्या महिन्यात चिरागभाई घरी आले. भेस्तानला पहिल्यांदाच, घामाघूम, हातात एक पाकीट. उधन्याच्या कोणा दुसऱ्या कंपनीचा मेंदी कोन. त्यावर हात, हाताला सहा बोटं, तळव्यावर नथ घातलेलं काहीतरी गोल. ते म्हणाले, काका, ही सरळ चोरी आहे. सहा बोटांची कल्पना आमची आहे. लोकांना लाज राहिली नाही. काकींना घेऊन चला, त्यांच्या टेबलावर हात ठेवला की झालं.

मी चष्मा लावून पाकीट नीट पाहिलं. नारळ जरा लांबट केला होता. रोट चौकोनी. सहावं बोट करंगळीकडून काढून अंगठ्याकडे नेलं होतं. काम चांगलं होतं, सांधा कुठे दिसत नव्हता. ज्यानं केलं त्याला धंदा येत होता. मी चिरागभाईंना विचारलं, कॉम्प्युटरनं काढलं असेल तर? बोटांत चुकतो म्हणतात तो.

मथुरा आतून आली. तिनं पाकीट हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं, अंगठ्याकडचं ते बोट बघितलं. मग पाकीट चिरागभाईंच्या हातात परत दिलं.

“हाई मनं नही,” ती म्हणाली. “ज्या बाईनं व्हई, ती यी.”

आणि ती आत निघून गेली. चिरागभाईंना अहिराणी कळत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सांगितलं की हे बोट तिचं नाही, ज्या बाईचं असेल ती येईल, तोवर तुम्ही चहा घ्या.